मुलाबाळांवर आलेले रक्त

मत्तयच्या शुभवर्तमानात, 27व्या अध्यायात, रोमन सुभेदार पिलात हात धुतो आणि जमलेले लोक ओरडतात, की या माणसाच्या रक्ताची जबाबदारी आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर राहो. क्रुसाचा हुकूम रोमन सत्तेचा होता. पुढे शतकानुशतके हिशेब मागितला गेला तो यहुद्यांकडे. घटना खरी की खोटी, हा इथे आमचा विषय नाही. हजरत ईसांना क्रुसावर मृत्यू आला नाही, अशीच कुरआनची भूमिका आहे. आमचा प्रश्न वाचनाचा आहे. ‘मुलेबाळे’ याचा अर्थ ‘सर्व पिढ्या’ कसा झाला?

बहुतेक अभ्यासक हे शुभवर्तमान इ.स. 70 मध्ये जेरुसलेम पडल्यानंतरचे मानतात. तसे पाहिले तर मुलेबाळे म्हणजे तो पाडाव भोगणारी पुढची एक पिढी. तिसऱ्या शतकात ओरिजेनने ही मर्यादा काढून टाकली आणि दोष जगाच्या अंतापर्यंतच्या यहुद्यांवर ठेवला. त्याला संहितेत आधारच नव्हता, असे मात्र म्हणवत नाही. आधीच्या वाक्यात ‘जमाव’ म्हणणारा मत्तय इथे ‘लाओस’ हा ग्रीक शब्द योजतो, आणि तो इस्राएलच्या साऱ्या कौमेसाठी रूढ होता.

योहान क्रिसोस्तोमचे उदाहरण अधिक बोलके आहे. 386-87 मध्ये अंत्युखिया शहरात त्याने यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचने दिली. शिव्याशापच म्हणावेत अशी. कारण काय, तर त्याच्याच चर्चमधली माणसे यहुद्यांच्या सणांना, उपासांना सिनेगॉगमध्ये जात होती. म्हणजे खरा राग शेजारावर नव्हे, शेजारधर्मावर होता. (उरुसाच्या गर्दीत कोण कोण असते हे पाहिलेल्या आमच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको.) पण मत्तयवरील प्रवचनमालेत याच वचनापाशी येऊन हाच माणूस सांगतो, की देवाने हा शाप मुलांवर तर नाहीच, बोलणाऱ्यांवरही कायम केला नाही, पश्चात्ताप करणाऱ्यांना जवळ केले, पौल त्यांच्यातलाच. असे वाचन हाताशी असताना परंपरेने जपली ती ओरिजेनची रेघ आणि ती आठ प्रवचने.

1965 साली कॅथलिक चर्चने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात हा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट आणि आजच्या यहुद्यांवर मुळीच ठेवता येत नाही, असे जाहीर केले. संहितेतले एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही.

हाच प्रश्न घेऊन आम्हांला आमच्या तफसीरांकडेही जावे लागेल. मदीनेतील विशिष्ट गटांविषयीची वचने साऱ्या यहुदी कौमेला कायमची चिकटवणारी भाष्ये आमच्याकडेही आहेत, आणि जुम्याच्या बयानातून ती ऐकूही येतात. ग्रंथधारक सगळे सारखे नाहीत, असे सांगणारी सूरह आले इम्रानची 113वी आयत तिथे क्वचितच निघते.