दुसरी वारी कोणत्या वाटेने?

पंढरीची वाट एकदा पायी चालून आलेल्या सुशिक्षित गृहस्थापुढे दुसऱ्या वर्षी असा प्रश्न उभा राहतो की, गेल्या खेपेस आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर गेलो, तर यंदा देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर का जाऊ नये? आमच्यापुढेही तो उभा राहिला. आणि दोन ग्रंथांचे गुणदोष ताडून पाहावेत तसे या दोन वाटांचे पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

पांढरपेशा वाचकाचा ओढा आळंदीच्या वाटेकडे असतो, याचे श्रेय काही अंशी वाङ्मयास द्यावे लागेल. इरावतीबाई कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे १९६४ सालचे ‘पालखी’ हे पुस्तक, दोहोंची वाट हीच. पाय लागण्यापूर्वीच ती आपण वाचलेली असते. शिवाय तिच्यात नाट्यही पुष्कळ. दिवे घाटाची चढण, सासवडास सोपानदेवांच्या सान्निध्यातील मुक्काम, जेजुरीचा भंडारा, नीरेचे स्नान आणि चांदोबाच्या लिंबापाशी होणारे उभे रिंगण असे प्रसंग एकामागून एक येतात. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्यास लावलेली शिस्त समाजआरतीच्या वेळी विशेष प्रत्ययास येते. चोपदाराने दंड उंचावताच टाळ थांबतात; ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. गाऱ्हाणे मांडण्याची इतकी सभ्य रीत आमच्या सभासंमेलनांत आम्ही पाहिलेली नाही.

देहूची परंपरा याहून जुनी. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ही वाट लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर अशी बव्हंशी सपाटीची. रोटी घाट आहे, परंतु दिवे घाटापुढे त्याची मातब्बरी नाही. यवतची पिठलं-भाकरी, काटेवाडीस अंथरल्या जाणाऱ्या धोतरांच्या पायघड्या व तेथील मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण ही या वाटेची भूषणे होत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हीच वाट धरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. अंतर दोहोंकडे सारखेच, सुमारे अडीचशे किलोमीटर. दोन्ही पालखीमार्गांच्या रुंदीकरणाची कोनशिला २०२१ साली बसली. तेव्हा सावलीचा हिशेब कोणीही जुन्या आठवणींवरून करू नये.

येथवर तुलना ठीक उतरली, आणि नावीन्याच्या न्यायाने आमचा कौल देहूकडे झुकलाही होता. तथापि एक शंका मिटेना. २०२० व २०२१ या दोन्ही साली साथीमुळे पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. त्या वर्षी वारी झालीच नाही, असे म्हणणारा वारकरी आम्हांस भेटला नाही. मग वारीचे सार घाटात आणि रिंगणात असते, हे आम्ही कशावरून धरून चाललो? वारी या शब्दातच पुनःपुन्हा जाणे आहे. पहिल्या वर्षी होते ती यात्रा; तिची वारी होते दुसऱ्या वर्षी.

गेल्या साली आमच्या दिंडीतील एका परभणीकडच्या आजींनी पावसाच्या रात्री तंबूतील आपली कोरडी जागा आम्हांस दिली व स्वतः कडेला बसून रात्र काढली. पंढरपुरी निरोप घेताना त्या म्हणाल्या, “पुढच्या सालाला तुमची जागा धरून ठेवते, बाबा.” आम्ही हसून मान डोलावली आणि घरी येऊन वाटांची तुलना करीत बसलो! त्यांना असली निवड कधी सुचली असेल, असे वाटत नाही. त्यांची वाट म्हणजे त्यांची दिंडी.

म्हणून आमचा निर्णय असा: ज्याची कोठे जागा धरलेली नाही त्याने खुशाल नवी वाट पाहावी, त्यात उणेपणा काही नाही. आम्ही मात्र आळंदीसच जाणार. बेलवाडीचे रिंगण पाहावयाचे राहील, याची हळहळ आहे, ती लपवीत नाही. परंतु वाखरीस सर्व संतांच्या पालख्या एकत्र येतात. तेथे देहूकरांची गाठ पडेलच. त्याआधी एका तंबूत आपली जागा रिकामी राहू नये, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.