निळा कागद आणि नसरीन मोहम्मदी

हाताशी मोबाइल असताना आज काही कलावंत पुन्हा फिल्म, डार्करूम आणि सायनोटाइपकडे वळले आहेत. त्यांचे कौतुक होते ते बहुधा 'जुन्याची ओढ' म्हणून. आम्हाला हे कौतुक अपुरे वाटते.

सायनोटाइप ही जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली पद्धत. लोहक्षारांचा लेप दिलेल्या कागदावर वस्तू ठेवायची, ऊन द्यायचे आणि कागद पाण्याने धुवायचा. ऊन लागले तेथे तो निळा होतो, झाकलेला भाग पांढरा राहतो. 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द ज्या कागदावरून आला, तो हाच. पुढे अमोनिया प्रिंट आली, मग संगणक आला. शब्द मात्र टिकला. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या वाचकाला तो नव्याने समजावून सांगायला नको. गॅलरीत आज नवल म्हणून टांगला जाणारा निळा कागद एके काळी यंत्रशाळेतला कामाचा कागद होता. त्यावर पान किंवा पीस ठेवून देखणी निळाई मिळवणे सोपे आहे. पण त्या निळाईतून काय पाहिले, हा खरा प्रश्न आहे.

येथे नसरीन मोहम्मदी यांची आठवण होते. १९३७ साली कराचीत जन्म, मुंबईत बालपण, लंडन-पॅरिसला शिक्षण आणि १९७२ पासून बडोद्यात अध्यापन. त्यांच्या वडिलांचे बहरीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते. नसरीनबाईंनी फिल्मवर टिपले ते फतेहपूर सिक्रीचे दगडी चौक, मागावरचे ताणलेले धागे, रस्त्यावरचे पट्टे, समुद्रकाठची ओली वाळू. त्यात माणूस क्वचितच दिसतो. अनावश्यक ते सगळे काढून टाकल्यावर उरते ती रेषा, उजेड आणि सावली. त्यांची रेखाचित्रेही ड्राफ्ट्समनच्या उपकरणांनी केलेली. असाध्य आजार शरीराचा ताबा घेत होता, तरी कागदावरची रेषा डळमळली नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. ही छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शनात आली नाहीत. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरले.

नाव मुस्लिम असल्यामुळे त्यांच्या रेषेला 'सूफी' म्हणून मोकळे होणारे समीक्षक आहेत. फतेहपूर सिक्रीच्या वास्तूशी त्यांचे नाते होतेच, ते कोण नाकारेल? पण शिक्का मारला की पाहणे थांबते. मागावरचा धागा टिपणारी नजर श्रमाच्या वस्तूकडेही तितक्याच अदबीने पाहत होती, हे मग राहून जाते. उलट आपल्याकडे तसवीर जायज की नाजायज या वादात अशा कलावंताचे नावच घरापर्यंत पोहोचत नाही. एकीकडे शिक्का, दुसरीकडे मौन. दोन्हींत नुकसान आपलेच.

म्हणून डार्करूमकडे वळणाऱ्या तरुणांकडून आमची अपेक्षा मोठी आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून या पट्ट्यात गावोगावची माणसे येत राहिली. त्यांच्या श्रमाचा इतिहास पुतळ्यांत नाही, वस्तूंत आहे. वॉशर, गॅस्केट, पिस्टन रिंग यांना त्या निळ्या कागदावर एकदा जागा मिळाली पाहिजे. सायनोटाइपमध्ये वस्तू स्वतः कागदावर टेकते आणि आपल्या आकाराची साक्ष मागे ठेवते. कामगारांच्या या शहराला अशा साक्षीची गरज आहे.