कर्ज तिच्या नावावर, धंदा घराचा

महंमद युनूस यांच्या ‘बँकर टू द पुअर’ या आत्मकथनात जोब्रा गावातला एक प्रसंग आहे. चितगाव विद्यापीठाला लागून असलेल्या या गावात सुफिया बेगम ही तीन मुलांची आई बांबूची स्टुले विणते. बांबूसाठी लागणारे पाच टका ती पैकाराकडून, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेते, तयार माल त्यालाच विकते आणि दिवसाच्या शेवटी तिच्या हाती पन्नास पैसे उरतात. अशा माणसांची यादी केल्यावर नावे निघाली ४२ आणि त्यांची एकूण गरज ८५६ टका, म्हणजे २७ डॉलरपेक्षाही कमी. युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. १९७६च्या या प्रयोगातून १९८३मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६मध्ये युनूस व बँक यांना शांततेचे नोबेल मिळाले.

या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. पण त्यातून पुढच्या साऱ्या मदतसाहित्याला एक साचा मिळाला: एक बाई, एक धंदा, एक छोटी रक्कम, एक पालटलेले आयुष्य. या साच्याची वाङ्मय म्हणून तपासणी क्वचितच होते. ती येथे करायची आहे, कारण त्या साच्याचे परिणाम कागदापुरते राहिलेले नाहीत.

साच्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे २००५मध्ये अमेरिकेत सुरू झालेली किवा ही संस्था. दूर देशातल्या छोट्या धंदेवाल्याचे छायाचित्र आणि काही ओळींचा परिचय वाचून कोणीही २५ डॉलर उसने द्यावेत, अशी तिची योजना. देणाऱ्याला व्याज मिळत नाही. कर्जदाराला मात्र बहुधा स्थानिक वित्तसंस्थेचे व्याज भरावे लागते. २००९मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने दाखवून दिले की, परिचय लोकांसमोर येतो तेव्हा बहुतेक वेळा ते कर्ज आधीच वाटून झालेले असते. देणाऱ्याचे पैसे स्थानिक संस्थेची भरपाई करतात. किवाने त्यानंतर आपल्या मांडणीतली भाषा बदलली. त्या वेळची चर्चा आधी काय आणि नंतर काय, या क्रमाभोवती फिरली. मला या परिचयातली दुसरी गोष्ट अधिक खटकते, ती म्हणजे त्याचे एकवचन. ‘ती’ शिवते, ‘ती’ विकते, ‘तिला’ यंत्र हवे आहे. घर येते ते पार्श्वभूमीला. मुलांची संख्या सांगण्यापुरते.

छोटा धंदा असा एकवचनी नसतो. हे मराठी वाचकाला गिरणगावातल्या खाणावळींवरून सहज कळेल. सावकारी कर्जात अडकलेल्या खाणावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. अशा खाणावळीत घराची चूल आणि धंद्याची चूल एकच. पिठाचा डबाही एकच. त्यातल्या कोणत्या पोळ्या गिरणी कामगाराच्या आणि कोणत्या पोरांच्या, हे हिशेबाच्या वहीत कसे मांडणार?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण तो न विचारल्याने अर्थशास्त्रही चकले. श्रीलंकेत २००५पासून सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांनी एक प्रयोग केला. लेस विणणारे, शिवणकाम करणारे, सायकली दुरुस्त करणारे, आप्पे-इडियाप्पमसारखे पदार्थ करून विकणारे अशा छोट्या व्यावसायिकांतून सोडत काढून काहींना १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांची मदत दिली. परत काही करायचे नव्हते. पुरुषांच्या धंद्यांचा नफा चांगला वाढला. स्त्रियांच्या धंद्यांचा सरासरीने वाढलाच नाही. यावरून स्त्रियांच्या हाती भांडवल वाढत नाही, असा अर्थ काढणे सोपे होते.

२०१९मध्ये एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंका, भारत आणि घाना येथील प्रयोगांची आकडेवारी पुन्हा वाचली. त्यांनी फक्त मोजण्याचे माप बदलले: एका धंद्याऐवजी पूर्ण घर धरले. तेव्हा दिसले की, स्त्रीला मिळालेल्या भांडवलातले काही नवऱ्याच्या धंद्यात गेले होते. पैसे बाईला मिळोत की पुरुषाला, घराच्या उत्पन्नातल्या वाढीत ठोस फरक आढळला नाही. बाई हरली नव्हती. आपण चुकीच्या खात्यात पाहत होतो.

मग ‘घर’ हे माप धरले की प्रश्न मिटला का? नाही. अ‍ॅन मेरी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६मध्येच बांगलादेशाबाबत दाखवले होते की, स्त्रियांच्या नावावरच्या कर्जांपैकी मोठ्या हिश्श्यावर प्रत्यक्ष ताबा पुरुष नातेवाइकांचा असतो. त्याला नैला कबीर यांनी २००१मध्ये उत्तर दिले. त्यांनी स्त्रियांचेच म्हणणे ऐकले आणि मांडले की, पैसा नवऱ्याच्या धंद्यात गेला तरी तो आपण घरात आणला, याने स्त्रीचे घरातले स्थान बदलू शकते. नवऱ्याच्या रिक्षात पैसे घालणे हा तिचा विचारपूर्वक निर्णयही असू शकतो.

दोन्ही बाजू वाचून माझा कल कबीर यांच्याकडे झुकतो, पण एका अटीवर. देणगी आणि कर्ज यांत फरक केला पाहिजे. देणगी नवऱ्याच्या रिक्षात गेली आणि रिक्षा बंद पडली, तर घराचे नुकसान झाले, इथे गोष्ट संपते. कर्ज असेल तर घराचा धंदा बुडतो आणि देणे तिच्या एकटीच्या नावावर उरते. ग्रामीण बँकेच्या मूळ पद्धतीत पाच जणींचा गट आणि दर आठवड्याचा हप्ता होता. त्या बैठकीत नवऱ्याला कोणी हाक मारत नाही. नफा अनेकवचनी आणि जबाबदारी एकवचनी, अशी ही विभागणी आहे. परिचयातले एकवचन तीच झाकते. म्हणून ते केवळ शैलीचा दोष नाही.

तेव्हा मदतीचे आवाहन वाचताना चार गोष्टी शोधाव्यात. घरात कोण कोण कामाला आहे? पैसे कोणत्या धंद्यात जाणार? देणे कोणाच्या नावावर? आणि धंदा बसला तर हप्ता कोण भरणार? ही उत्तरे दिली, तर परिचय लांबेल आणि कदाचित देणाऱ्याचे मन तितक्या लवकर हलणार नाही. हा तोटा संस्थांनी सोसावा, कारण आज त्याची किंमत छायाचित्रातली बाई चुकवते आहे. सुफिया बेगमच्या प्रसंगातही पन्नास पैशांचा हिशेब चोख आहे. त्या पन्नास पैशांत घरातल्या आणखी कोणाकोणाचे श्रम होते, याची नोंद मात्र त्यात नाही.