कसावाच्या वाणांची तुलना : ‘हेक्टरी टन’ या निकषाची चिकित्सा

कसावा अर्थात टॅपिओका या कंदपिकाच्या वाणचाचण्यांचे अहवाल बहुधा एकाच साच्यातील असतात. तक्त्याच्या अखेरच्या स्तंभात ताज्या कंदांचे हेक्टरी वजन टनांत दिलेले असते. त्यातील सर्वांत मोठा आकडा ज्या वाणाचा, तो श्रेष्ठ ठरतो व त्याची शिफारस होते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या निष्कर्षावर आहे. वजन अचूक असूनही तुलना सदोष असू शकते.

तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेचे दोन जुने संकरित वाण उदाहरणादाखल घेऊ. संस्थेच्या वर्णनानुसार एच-१६५ चे उत्पादन हेक्टरी ३३ ते ३८ टन व स्टार्च २३ ते २५ टक्के आहे. एच-२२६ चे उत्पादन ३० ते ३५ टन, मात्र स्टार्च २८ ते ३० टक्के. ताज्या वजनात पहिला वाण सरस दिसतो. मध्य मूल्ये घेऊन स्टार्चचा हिशेब केला, तर पहिल्याचे हेक्टरी सुमारे ८.५ टन व दुसऱ्याचे ९.४ टन भरतात. म्हणजे क्रम उलटतो. परंतु एच-१६५ आठ-नऊ महिन्यांत तयार होतो, एच-२२६ ला दहा महिने लागतात. दरमहा स्टार्चचा विचार केल्यास अनुक्रमे सुमारे १.०० व ०.९४ टन येतात आणि क्रम पुन्हा पालटतो! एकाच माहितीतून तीन निवाडे निघतात, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत. महाराष्ट्राच्या उपवासाच्या ताटातील साबुदाणा ज्या सेलम परिसरातून मुख्यत्वे येतो, तेथील कारखानदार स्टार्च पाहतो. शेत लवकर मोकळे हवे असलेला शेतकरी महिने मोजतो. केरळच्या स्वयंपाकघराचा निकष तर आणखी वेगळा. तेथे एम-४ हा वाण १८ ते २३ टन इतक्याच उत्पादनावर टिकून राहिला, कारण तो चांगला शिजतो व चवीला उतरतो. केवळ टनांच्या स्तंभात तो मागेच राहणार.

दुसरा प्रश्न वाफ्याच्या आकाराचा. ९० सेंटिमीटर अंतराने लागवड केलेल्या पाच बाय पाच झाडांच्या वाफ्यात २५ झाडे असतात. पैकी १६ कडेची. कडेची ओळ वगळल्यास मोजणीस अवघी ९ उरतात आणि त्यांतील एखादे मेले, तरी सरासरी डळमळते. कडेची झाडे धरावीत, तर उंच व पसरट वाण शेजारच्या बुटक्या वाणाचा प्रकाश हिरावून घेतो आणि ते उत्पादन स्वतःच्या नावे जमा करतो. अशा चाचणीत फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरला, तरी तो वाणाचा की शेजाराचा, हे सांगता येत नाही. निव्वळ वाफ्यात किती झाडे मोजली, एवढे एक वाक्य अहवालात असावे, ही अपेक्षा माफक आहे.

सर्वांत गंभीर बाब बेण्याची. कसावाची लागवड खोडाच्या कांड्यांपासून होते. त्यामुळे मोझॅक हा विषाणुरोग पांढऱ्या माशीमार्फत जसा पसरतो, तसा बेण्यातूनही पुढील पिकात उतरतो. संशोधन केंद्रातून नुकताच आलेला वाण निरोगी कांड्यांचा आणि तुलनेसाठी घेतलेला स्थानिक वाण वर्षानुवर्षे त्याच गावात फिरलेल्या, रोगट कांड्यांचा असेल, तर तक्त्यातील फरकापैकी वाणाच्या गुणाचा भाग किती आणि बेण्याच्या आरोग्याचा किती? ‘निरोगी बेणे वापरले’ एवढ्या उल्लेखाने हा प्रश्न मिटत नाही. लागवडीच्या वेळी व काढणीपूर्वी प्रत्येक वाणात रोगट झाडांचे प्रमाण किती होते, ते द्यावयास हवे. शिवाय रोगास बळी पडणारा वाण पहिल्या वर्षी उत्तम दिसू शकतो. शेतकरी मात्र पुढचे बेणे त्याच शेतातून काढतो आणि वाणाची खरी घसरण तेव्हा सुरू होते. एका हंगामाच्या चाचणीत ती दिसणारच नाही. त्यासाठी चाचणीतीलच कांड्या पुढील दोन-तीन हंगाम पुन्हा लावून त्याच वाणांचे वजन नव्याने घ्यावे लागेल.