खेळातली कारकुनी

दिवसभर बँकेत खर्डेघाशी करून छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरी आलो, की मी लाकडे तोडतो. म्हणजे २००१ साली निघालेल्या 'रूनस्केप' या ऑनलाइन खेळात! चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, यात राक्षस मारायचे असतात." मला आधी बँकच दिसली. रांग नाही, पासबुक नाही. ओंडके ठेवा, मासे ठेवा. व्याज मात्र नाही.

खेळाची खोड एकच. ९९ वी पायरी गाठायची, तर ९२ व्या पायरीवर रस्ता जेमतेम निम्मा! याला करमणूक म्हणायचे, तर गृहकर्जाला काय म्हणायचे?

तरी खेळतो. तिथे प्रत्येक घाव मोजला जातो. आमची २२ वर्षांची नोकरी कुणी मोजली?

"अहो, आणि माझ्या पोळ्या?" सौ. म्हणाली.

मी मुकाट्याने कुऱ्हाड खाली ठेवली.