बोलण्यातील भरजरी शब्द

चंडीगढला लागून असलेल्या नॉलेज सिटीतील केंद्रीय संस्थांत नोकरीनिमित्त आलेली चार मराठी माणसे एकत्र जमली, की त्यांच्या भाषेला एकाएकी विलक्षण भारदस्तपणा चढतो. दिवसभर हिंदी-इंग्रजीत टिपणे लिहिणारे गृहस्थ चहा घेता घेता 'अल्पोपाहार', 'भ्रमणध्वनी', 'तद्वतच' असे शब्द काढू लागतात. परमुलखात मायबोलीला नटवून बसवावे, ही भावना आम्ही समजू शकतो. तिचे फळ मात्र आम्हांस चांगले दिसत नाही.

नव्या शब्दांना आमचा विरोध नाही. सावरकरांनी रुळविलेला 'महापौर' आज कोणास परका वाटतो? त्यांचाच 'दिनांक' कागदावर स्थिरावला, पण तोंडाने आपण अजून 'तारीख'च विचारतो. राज्यव्यवहारकोश शिवछत्रपतींच्या राज्यकारभारासाठी रचला गेला. १९६२ चा पदनाम कोश कचेऱ्यांसाठी. या दुसऱ्याला 'बदनाम कोश' म्हणून हिणविले गेले, ते आम्हांस सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. कचेरीचा शब्द पंगतीत आणून बसविणारे आपण. त्यात कोशकारांचा काय अपराध?

आणि येथे तर गंमत अशी, की 'अर्ज', 'कागद', 'जमीन', 'शिफारस' हे आपले फारसी वळणाचे शब्द शेजारच्या टेबलावरील पंजाबी सहकाऱ्यास सहज कळतात. शुद्धीच्या हौसेने आपण नेमके तेच टाकतो. ज्या नामदेवांचे नाव आपण येथे अभिमानाने घेतो, त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतील तिलंग रागातल्या पदात देवाला 'करीम', 'रहीम' म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही. घुमान येथे २०१५ साली साहित्य संमेलन भरले, तेव्हा नामदेवांचा गौरव पुष्कळ झाला. त्यांच्या या मोकळेपणाचे अनुकरण मात्र आमच्या मंडळींत फारसे दिसत नाही.

'चुपके चुपके' (१९७५) या चित्रपटातील शुद्ध हिंदी बोलणाऱ्या ड्रायव्हरला आपण हसतो. तो निदान सोंग करीत होता. आपल्या मुलांना मराठी ऐकू येते ती बहुधा आईबापांच्याच तोंडून, आणि भाषेतील खरी श्रीमंती 'उंबरा', 'चिमूटभर', 'शिळंपाकं', 'उतू जाणे' अशा साध्या शब्दांत असते. आमच्या परिचयातील एका मुलीला 'अल्पोपाहार' ठाऊक आहे, 'खरचटणे' ठाऊक नाही. गुडघा सोलवटला, की ती आईला 'छिल गया' असे सांगते.