काळ्या पाण्याची वाट : दोन आत्मनिवेदने

१८५८ च्या मार्च महिन्यात दोन घटना घडल्या. १० तारखेला २०० बंदिवानांची पहिली तुकडी अंदमानात उतरली आणि पोर्ट ब्लेअरच्या बंदिवसाहतीस आरंभ झाला. २१ तारखेला सर ह्यू रोजचे सैन्य झाशीपुढे येऊन ठाकले. दोहोंचे मूळ १८५७ च्या उठावात आहे. मराठी गद्याला झाशीचा साक्षीदार लाभला, तसाच पुढे काळ्या पाण्याच्या वाटेचाही लाभला. परंतु विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आणि वि. दा. सावरकर यांची ‘माझी जन्मठेप’ हे ग्रंथ सहसा वेगवेगळे वाचले जातात. पहिला प्रवासवर्णन म्हणून, दुसरा क्रांतिकारकाचे आत्मचरित्र म्हणून. ते शेजारी ठेवले असता दोहोंचे सामर्थ्य आणि मर्यादा अधिक स्पष्ट होतात.

वरसईचे गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १८८३ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या निवेदनात यज्ञयाग, भोजन, दक्षिणा आणि कत्तल एकाच सुरात येतात. वीररसाचा हव्यास नसल्यामुळेच त्या शहराचा विध्वंस वाचकाला जाऊन भिडतो. शिवाय हा प्रवासी गंगेची कावड घेऊन घरी परततो. त्याचे वर्तुळ पूर्ण होते.

सावरकरांच्या वाटेला असे वर्तुळ नाही. ५० वर्षांची शिक्षा घेऊन १९११ मध्ये मद्रासहून ‘महाराजा’ जहाजाने ते निघाले, तेव्हा परतण्याचे वर्ष १९६० होते. सामान्य अपराध्यांसह जहाजाच्या तळाशी कोंडलेल्या या कैद्याच्या अंथरुणाशेजारीच मलमूत्राचे पिंप होते. ही किळस तो विचाराने जिंकू पाहतो. अनुभवाचे तत्काळ चिंतनात रूपांतर करणे हे या गद्याचे बळ आहे आणि मर्यादाही; कारण त्यात भोवतीचे बंदिवान पुष्कळदा चिंतनाची उदाहरणे होऊन राहतात.

येथे रशियन साहित्याचे स्मरण उपयुक्त ठरते. दस्तयेव्हस्कीने ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे काढली आणि त्या अनुभवावरील ग्रंथात सामान्य कैद्यांच्या बोलीला, स्वभावाला जागा दिली. चेखव्ह १८९० मध्ये स्वेच्छेने साखालीन बेटावर गेला. तेथे त्याने हजारो बंदिवानांची व वसाहतवाल्यांची शिरगणती केली. एक आतून पाहणारा, दुसरा बाहेरून. दोघांचेही लक्ष स्वतःपेक्षा इतरांवर अधिक.

‘माझी जन्मठेप’मध्ये झाशी पुन्हा येते ती परमानंदांच्या रूपाने. १९१५ च्या लाहोर कटाच्या खटल्यातील या बंदिवानाने जेलर बारीवर हात टाकला आणि फटक्यांची शिक्षा सोसली. तो प्रसंग ठसठशीत उतरला आहे. तथापि झाशीचा हा माणूसही येथे निवेदक नव्हे, पात्रच आहे.

दोन्ही शीर्षकांचा आरंभ ‘माझा’, ‘माझी’ या शब्दांनी होतो. सरकारने लादलेल्या शिक्षेला ‘माझी’ म्हणणे हे सावरकरांचे धैर्य होय, ते उणे लेखता येणार नाही. मात्र १८५८ च्या त्या २०० जणांपैकी कोणाचेही ‘माझे’ मराठी गद्यात उमटले नाही. या दोन ग्रंथांचे मोल जाणणाऱ्या अभ्यासकाने त्या मौनाचीही नोंद घेतली पाहिजे.